मोजपट्टीबाहेरचे दुखणे

माझ्या वडिलांची वेदना दहापैकी एकतीस भरली, आणि म्हणूनच ती खोटी ठरली.

मी काचेच्या अलीकडे उभा होतो. नातलगाचे मापन स्वतः करायचे नाही, असा आमच्या वेदनामापन केंद्राचा नियम आहे. म्हणून आबांच्या कपाळाला वेदना टिपणारा शिरोपट बांधण्याचे काम माझी सहकारी रेहाना मुजावर करत होती. आबा खुर्चीत उघडेच बसले होते. डाव्या बगलेखालून छातीपर्यंत वळत गेलेला फिकट डागांचा एक पट्टा सोडला, तर त्यांच्या अंगावर दुखण्यासारखे काही दिसत नव्हते. पडद्यावर आकडा उमटला आणि त्याखाली राखाडी चौकटीत एक शब्द : अग्राह्य. रेहानाने माझ्याकडे पाहिले. आबांनीही पाहिले. मी खाली पाहिले.

"किती आलं रं?" आबांनी विचारले.

"परत घ्यावं लागंल, आबा," माझ्याऐवजी रेहानाच बोलली. "दहा दिवसांच्या आत या परत. होतंय कधी कधी असं."

"कमी पडलं व्हय?"

"नाही, जास्त आलं."

आबा हसले. "मग बरंच की! जास्त आलं म्हंजे नंबर लवकर लागंल न्हवं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत सर्वांत चांगले मलाच ठाऊक होते. दुसऱ्या वेळीही हाच शब्द उमटला, तर आबांचे नाव अठरा महिने उपचाराच्या यादीबाहेर जाणार होते. मी दार उघडून आत गेलो आणि त्यांची चप्पल सरळ करून ठेवली. मला तेवढेच सुचले.

*

हे वेदनादर्शक यंत्र येण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला विचारत, शून्य ते दहामध्ये तुमचे दुखणे कुठे बसते? उत्तर दुखण्याचे नसे, स्वभावाचे असे. कोणी सुईला नऊ म्हणे. कोणी मोडलेल्या हाडासह चालत येऊन 'जरा ठणकतंय' म्हणे. वेदना ही एकट्याची वस्तू आहे. ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, आणि म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो; आणि विश्वास ही नेहमीच अपुरी पडणारी गोष्ट आहे.

यंत्राने ही अडचण सोडवली, असे आम्ही मानत होतो. मेंदूत वेदनेचे एकच घर नसते. दुखते कुठे हे ओळखणारे भाग, त्याची भीती बाळगणारे भाग, ते आठवून ठेवणारे भाग, असे अनेक एकाच वेळी जागे होतात, आणि त्या एकत्र जागण्याची आकृती कपाळावरच्या पट्ट्यातून टिपता येते. मात्र प्रत्येक मेंदूचे अक्षर वेगळे. अनोळखी अक्षर वाचायचे, तर आधी त्या माणसाकडून एखादा ओळखीचा शब्द लिहून घ्यावा लागतो. म्हणून मापनाच्या आरंभी रुग्णाच्या तर्जनी आणि मध्यमेची टोके एका छोट्या धातूच्या पट्टीवर ठेवतात. पट्टी आठ सेकंद एकोणपन्नास अंशांपर्यंत तापते; चटका बसतो, डाग पडत नाही. त्या क्षणी मेंदू जे काही लिहील, ते त्या माणसाचे 'चार' असे ठरते. याला आम्ही अंशशोधन म्हणतो. नंतर त्याचे खरे दुखणे त्याच मोजपट्टीवर वाचले जाते.

पहिल्याच वर्षी लोकांनी पळवाट शोधली. दात आवळले, एखादे जुने दुःख मनात आणले, की आकडा वर सरकतो. यंत्र घडवणाऱ्यांनी मग त्यात एक पहारेकरी बसवला : पंधराच्या वर गेलेला आकडा खऱ्या वेदनेचा असूच शकत नाही, तो अग्राह्य. दहा दिवसांत दोनदा अग्राह्य ठरणारा माणूस अठरा महिने परत येऊ शकत नाही. नियम कठोर होता, पण उपचाराच्या जागा थोड्या होत्या. पाठीच्या कण्याजवळ, नसेच्या मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढे एक यंत्र बसवायचे आणि ओरडत सुटलेल्या नसेला त्याने हळूहळू गप्प करायचे, असा तो उपचार. कोणाला आधी दाणा मिळणार, हे आकड्यावरून ठरे.

आबांना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. लहानपणीच्या कांजिण्यांचे विषाणू नसेच्या मुळाशी पन्नास वर्षे निजून राहिले आणि एके दिवशी उठले. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडले की माणूस जातो, अशी आमच्याकडे समजूत. ती भिडली नाहीत, म्हणून आईने नारळ फोडला. तीन आठवड्यांत फोड वाळले. नस मात्र करपलेलीच राहिली. तेव्हापासून सुती कापडाचा स्पर्शही आबांना निखाऱ्यासारखा लागे. दोन वर्षे त्यांनी अंगात सदरा घातला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ते मांडवाबाहेर, गोठ्याच्या कडेला उघड्या अंगाने उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी अक्षता टाकल्या.

एवढे सगळे पाहूनही माझ्या मनात शंका होती. ती लपवून मला ही गोष्ट सांगता येणार नाही.

चार वर्षांत मी हजारो माणसांची वेदना मोजली होती. माणसाच्या चेहऱ्याला आपण फसत नाही, याचा मला एक मूक अभिमान जडला होता. आणि आबा तर मंडळी आली की हसत. गुऱ्हाळावरचे जुने सोबती ओसरीवर बसले, की ते तासभर गप्पा मारत. मंडळी उठली की कूस सांभाळत कण्हू लागत. "मंडळी हाय तवर दुखणं गावाला जातंय," आई थट्टेने म्हणे, "मंडळी गेली की हाय परत." तिची ती थट्टा होती; मी ती निरीक्षण म्हणून मनात नोंदवली. सोबत असली की वेदनेचा आवाज खरोखर कमी होतो, हे मी शेकडो रुग्णांना समजावून सांगितले होते. पण जे ज्ञान आपण परक्यांना उदारपणे वाटतो, ते घरच्या माणसाला लावायचे आपल्याला सुचत नाही.

*

मापनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गावी गेलो. आमचे गाव दूधगंगेच्या काठी, कोल्हापुरापासून तासाभरावर. आबा अंगणात बाजेवर बसले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती.

"आबा, पुढच्या बारीला एक करा," मी म्हणालो. वाक्य मी वाटेत तीनदा मनात घोळवले होते. "अंग सैल सोडा. मुद्दाम जोर लावू नका."

आईचा हात सुपात थांबला.

"मुद्दाम?" आबा म्हणाले.

"म्हणजे... काही लोकांचं नकळत होतं तसं. दात आवळले जातात, मग आकडा..."

"म्हंजे मी सोंग करतोय."

"तसं नाही, आबा."

"तसंच हाय." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. ते उठले, आत गेले आणि ट्रंकेतला पांढरा सदरा घेऊन बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी तो अंगात घातला आणि गळ्यापर्यंत एकेक बटण लावले. शेवटच्या बटणाशी त्यांचा श्वास एकदाच अडकला.

"झालं," ते म्हणाले. "मला दुखत न्हाई. जा, सांग तुझ्या यंत्राला."

मी त्यांना थांबवायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, की दुसरे मापन झाले नाही, तर पहिलेच कायम धरले जाते.

त्यानंतर आंघोळीची वेळ सोडली, तर आबांनी सदरा काढला नाही. आईने पाचव्या दिवशी मला फोन केला. "रोज धुतीया मी त्यो सदरा," ती म्हणाली. "पाठ भिजून चिंब हुती. जेवताना दात खात्यात, पर तोंडातनं चकार शबुद न्हाई. तुला लई शिकवलं रं आमी, पर बघायला शिकवायचं ऱ्हायलंच."

"मी येतो," मी म्हणालो.

"ये. आन् येताना त्ये शानपन तिथंच ठेवून ये."

*

मी पोहोचलो तो गुऱ्हाळाच्या हंगामाचा पहिला दिवस होता, आणि आबांच्या दुसऱ्या मापनाला दोन दिवस उरले होते.

आबा पस्तीस वर्षे गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, आटत असताना गूळ नेमका कधी झाला, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी काहील उतरवली तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपते. अलीकडे काहिलीत उष्णतादर्शक नळी असते. ती एकशे अठरा अंश दाखवते आणि घंटा वाजते. नळी आली त्या वर्षी आबा घरी बसले. पण हंगामाच्या पहिल्या आधणाला, म्हणजे पहिल्या घाण्याला, जुन्या गुळव्याचा हात लागल्याशिवाय काहील उतरवायची नाही, ही रीत आमच्याकडे अजून पाळतात. नळी असते, घंटाही वाजते. कोणी तिच्याकडे पाहत नाही.

काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडे ढकलणारे म्हादबा आबांचे तरुणपणापासूनचे सोबती. आबा सदरा घालून आलेले पाहताच ते ओरडले, "काय रं रंग्या, नवरदेव झालास की! गळ्यापातूर बटणं?"

"म्हातारपणी लाज आली," आबा म्हणाले.

"उशिराच आली म्हणायची!"

मंडळी हसली. आबांनीही ओठ ताणले. वाफेने सगळे छप्पर भरून गेले होते. काहिलीत रसाचा रंग सोनेरीवरून तांबूस होत होता आणि बुडबुडे जड होऊन सावकाश फुटत होते. आबा काठाशी आले. त्यांनी उजव्या हाताची बोटे शेजारच्या गार पाण्यात बुडवली, लाकडी दांड्याच्या टोकावरून थेंबथेंब गळणारा उकळता पाक त्याच बोटांवर घेतला, पुन्हा पाण्यात नेला, आणि दोन बोटांत फिरवून त्याची गोळी केली. गोळी परातीच्या काठावर आपटली. टक्क.

"उतरवा," आबा म्हणाले.

हे दृश्य मी समज आल्यापासून पाहत आलो होतो. जे रोज दिसते, ते डोळ्यांना दिसते. मनाला दिसत नाही.

"बघतोस काय लेका?" म्हादबांनी मला कोपराने ढोसले. "तुझ्या बाच्या बोटाला चटका बसायचा, तर सूर्य खाली आणाय लागंल! आमी विडीसाठी निखारा मागितला, की ह्यो बाबा चिमट्यानं न्हाई, बोटानंच द्यायचा."

सगळ्यांबरोबर मीही हसलो. आणि मग माझे लक्ष आबांच्या बोटांकडे गेले.

मी बाजूला झालो, खिशातून फोन काढला आणि आबांच्या मापनाचा अहवाल उघडला. पहिल्या पानावर आकडा असतो. सगळे तेवढेच पाहतात. अंशशोधनाचे पान शेवटी असते आणि ते कोणी उघडत नाही, कारण तो टप्पा आम्ही हात धुण्यासारखा नेमाचा मानतो. मी ते पान उघडले. पट्टी तापत गेली होती : चव्वेचाळीस, शेहेचाळीस, एकोणपन्नास. तिच्याखाली आबांच्या मेंदूची रेषा होती. ती संध्याकाळच्या दूधगंगेसारखी सपाट होती.

पस्तीस वर्षे उकळत्या पाकाने राठ केलेल्या त्या बोटांना एकोणपन्नास अंशांची पट्टी कोमट पाण्याएवढीही लागली नव्हती. यंत्राने त्या जवळजवळ शून्याला आबांचे 'चार' मानले होते. ज्या मोजपट्टीवर मुंगीचे पाऊल म्हणजे चार, तिच्यावर नागिणीचा दंश एकतीस भरणार नाही तर काय? यंत्र ज्यांच्या हातांवर घडवले गेले, ते हात विद्यार्थ्यांचे होते, कारकुनांचे होते, माझ्यासारख्यांचे होते. तेवढ्यावरून आम्ही सगळ्या माणसांची बोटे एकसारखी मानली.

मी मान वर केली, तेव्हा आबा काहिलीपाशी नव्हते.

ते चिपाडाच्या गंजीमागे सापडले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कपाळ गंजीला टेकले होते, आणि दोन बोटांच्या चिमटीत सदरा धरून त्यांनी तो अंगापासून वीतभर दूर ताणला होता. त्यांचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. तिथे ते पाहायला कोणी नव्हते. ज्याच्यासाठी सोंग करावे, असे तिथे कोणीच नव्हते.

"आबा."

त्यांनी सदरा सोडला आणि ताठ उभे राहिले. "काय न्हाई. धूर लागला डोळ्याला."

"आबा, यंत्राची चूक झाली." मी थांबलो. "नाही. माझी झाली. आम्ही तुमच्या बोटांवर मोजलं."

"मग? बोटं काय चोरीची हायत?"

मी त्यांना सांगितले. कागदावर जी गोष्ट समजावायला मला दोन पाने लागली असती, ती त्यांना दोन वाक्यांत कळली.

"म्हंजे मापटंच खोटं धरलंसा," ते म्हणाले.

"होय."

त्यांनी गंजीतले एक चिपाड ओढून काढले. "यंत्राचं मला लागलं न्हाई रं," मग म्हणाले. "यंत्र काय कुणाच्या पोटचं न्हाई. पर तू काचंमागं हुतास. मी तुझ्याकडं बघितलं, आन् तू खाली बघितलंस."

मी पुढे होऊन त्यांच्या गळ्याचे बटण काढू लागलो. तिसऱ्या बटणाशी कापड माझ्या हातून त्यांच्या बगलेला घासले.

"हळू की रं!" आबा कळवळले.

सदरा चढवल्यापासून त्यांनी दुखण्याला दिलेली ती पहिली कबुली होती. मी तो सदरा हातात घेऊन उभा राहिलो, आणि त्यांनी मोकळ्या हवेत एक लांब श्वास सोडला.

*

केंद्राच्या प्रमुख डॉ. मृणाल शहापुरे शिस्तीच्या आहेत. त्यांच्यासमोर मी चार वर्षांत विचारल्याशिवाय कधी बोललो नव्हतो.

"नियमात बोटांची टोकं लिहिली आहेत, अवधूत," त्या म्हणाल्या.

"होय, मॅडम."

"आणि हे तुझे वडील आहेत."

"होय. म्हणून मी एकट्या त्यांचं आणलेलं नाही."

मी कागद पुढे ठेवला. या वर्षी दोनदा अग्राह्य ठरून परत गेलेल्या एक्केचाळीस जणांची अंशशोधनाची रेषा मी तपासली होती. नावे न वाचता मी त्यांचे उद्योग वाचले. लोहार. खानावळीत भाकऱ्या करणारी. फुटाणे भाजणारा. हुपरीचा चांदी आटवणारा कारागीर. पुन्हा खानावळ. वीटभट्टी. पुन्हा लोहार. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. एकोणतिसाव्या ओळीशी मी थांबलो.

"या एकोणतीस जणांची रेषा सपाट आहे," मी म्हणालो. "यांतल्या अकरा जणांना परत मी पाठवलं. अंग सैल सोडा, असं सांगून."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कागद दोनदा वाचला.

"मग घ्यायचं कुठं?"

"दंडाच्या आतल्या बाजूला, मॅडम. तिथपर्यंत कोणाचंच काम पोचत नाही."

त्यांनी आधी स्वतःच्या बोटांवर आणि मग स्वतःच्या दंडावर पट्टी लावून घेतली. दोन्ही रेषा एकमेकींवर नेमक्या बसल्या : राठ न झालेल्या बोटांना दंडाने फरक पडत नव्हता. नंतर त्यांनी रेहानाला हाक मारली. "खुर्ची लाव. वर मी कळवते. विचारलं, तर जबाबदारी माझी."

या वेळी मी काचेमागे थांबलो नाही. मापन करायला नातलगाला मनाई आहे. शेजारी बसायला नाही. चार वर्षांत हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. रेहानाने आबांच्या उजव्या दंडाला पट्टी बांधली. सहाव्या सेकंदाला आबा खुर्चीतून उसळले.

"आयला! भाजतंय की गं पोरी!"

"पन्नासच्या आतच हाय, आबा," रेहाना हसू दाबत म्हणाली. "तुमी तर उकळता पाक हातात घेता म्हणं."

"त्या आतल्या कातड्याला कुठं ठावं माझा धंदा!"

पडद्यावर रेषा उभी चढली, डोंगराच्या सोंडेसारखी. मग रेहानाने मोरपिसाच्या टोकाने आबांच्या बगलेखालच्या डागांना अलगद स्पर्श केला. त्यांनी डोळे मिटले. माझा हात त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी तो आवळला. आकडा उमटला आणि चौकट हिरवी झाली.

"किती आलं रं?"

"सात पूर्णांक आठ," मी म्हणालो. "ग्राह्य."

"ग्राह्य म्हंजे?"

"म्हणजे खरं, आबा."

मग दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईला त्यांनी मोठ्याने हाक मारली. "हौसा! ऐकलंस का? धापैकी आठाच्या जवळ पडलं! शाळंत कवा एवढं पडलं न्हवतं!"

"बास, मिरवू नका," आई आत येत म्हणाली, आणि पदराने त्यांचे कपाळ पुसता पुसता स्वतःचे डोळे पुसून घेतले. "पाणी प्या आधी."

*

या मापनानंतर सतराव्या दिवशी आबांना दाणा बसवला. तो वेदना पुसून टाकत नाही. करपलेली नस नवी होत नाही. ती फक्त इतक्या मोठ्याने ओरडायचे थांबवते. दोन महिन्यांत आबांचा आकडा दोनवर आला.

"हाय तिथंच हाय," ते सांगतात. "पर आता वरडत न्हाई. कोपऱ्यात बसून आपलं आपलं बडबडतंय. बडबडू दे."

माझ्यात काय बदलले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आता मी आधी शेवटचे पान उघडतो. माणूस खुर्चीत बसला, की कपाळाआधी त्याचे हात पाहतो. आणि आकडा उमटतो तेव्हा मान वर ठेवतो. हे सर्वांत अवघड आहे.

केंद्राने नियम बदलायला अडीच महिने घेतले. पत्र आले त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, की एकोणतीस जणांना बोलवायचे, आणि ज्या अकरा जणांना मी परत पाठवले, त्यांना मीच कळवायचे. पत्राने नव्हे, फोन करून.

रविवारी सकाळी मी गावी, ओसरीवर फोन आणि कागद घेऊन बसलो. काय बोलायचे ते मी लिहून काढले होते. आबा शेजारी शेंगा सोलत होते. पहिले नाव इंदुबाई मगदूम यांचे होते, खानावळीत भाकऱ्या करणाऱ्या. जबड्याच्या नसेचे दुखणे. त्यांना मी 'सैल सोडा' म्हणालो, तेव्हा त्यांनी नुसता पदर कानाभोवती घट्ट ओढून घेतला होता आणि निघून गेल्या होत्या.

"नमस्कार, मी वेदनामापन केंद्रातून बोलतोय."

"आमचं बंद केलंय तिथलं. अठरा म्हयनं," पलीकडून आवाज आला. मागे भाकरी थापल्याचा थपथप आवाज चालूच होता.

"हो. त्याच संदर्भात... आपल्या मापनामध्ये अंशशोधनाच्या टप्प्यावर, म्हणजे... एक प्रकारची..."

कागदावरची अक्षरे मला दिसेनात. आबांनी शेंगांचे हात धोतराला पुसले आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

"बाई, ऐका. ह्यो माझा ल्योक. ह्याला बोलाय जमत न्हाई. मी रंगराव चौगुले, गुळव्या."

"डॉक्टर न्हवं?"

"न्हाई वो, मी पेशंट. माझंबी ह्यांनी खोटंच ठरवलं हुतं. तुमी भाकरी कशानं परतता?"

"ह्यो काय सवाल? हातानं."

"तव्यावरची?"

"मग काय भुईवरची?"

"तेच सांगतोय," आबा म्हणाले. "बोटं आपली कवाच मेल्यात, बाई. बाकीच्या जिवाला कळतंय सगळं. ह्यांनी मेलेल्या बोटाला इचारलं, दुखतंय का म्हणून. चूक ह्यांची. तुमचं दुखतंय ते खरं हाय."

पलीकडची थपथप थांबली. मला वाटले, फोन ठेवला. मग एक दीर्घ उसासा ऐकू आला, पाठीवरचे ओझे कुणीतरी हात लावून उतरवल्यावर येतो तसा.

"कधी येऊ?" इंदुबाई म्हणाल्या.

आबांनी फोन माझ्या हातात दिला.

"ह्ये तू सांग," ते म्हणाले, आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.